कागदी घोडे आणि लाकडी बैल

आर्वीहून पश्चिमेकडे निघाले की वर्धा नदी लागते आणि नदीच्या पलीकडच्या काठावर कौंडण्यपूर. विदर्भाची जुनी राजधानी कुंडिनपूर ती हीच, अशी इकडची परंपरा आहे. म्हणजे दमयंती आमच्या शेजारगावची. तिच्या कथेतले मराठीच्या वर्गात आज काय शिल्लक आहे, याचा आम्ही मध्यंतरी सहज अंदाज घेतला. एम.ए.च्या मुलांना विचारले, नल-दमयंती म्हटल्यावर काय आठवते? सगळ्यांना हंस आठवला. रघुनाथ पंडितांच्या आख्यानातला तो हंस पाठ्यपुस्तकांच्या पुण्याईने पिढ्यान्पिढ्या जिवंत राहिला आहे. घोडे मात्र एकालाही आठवले नाहीत. आम्हांलाही विद्यार्थी असताना ते कुणी दाखवले नव्हते, हे येथेच कबूल करतो.

वस्तुतः वनपर्वातल्या त्या कथेचा उत्तरार्ध घोड्यांवरच उभा आहे. राज्य गमावलेला, रूप पालटलेला नल बाहुक या नावाने ऋतुपर्णाच्या पदरी राहतो. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची वार्ता येते आणि अयोध्येहून विदर्भापर्यंतचे अंतर एका दिवसात तोडायचे असते. बाहुक पागेत जातो आणि दिसायला रोडके असे घोडे निवडतो. राजा चिडतो, ही कसली जनावरे आणलीस म्हणून विचारतो. बाहुक त्यांच्या अंगावरचे भोवरे दाखवून आपली निवड समजावतो. रथ जुंपल्यावर ते घोडे गुडघ्यांवर बसतात, आणि नल काय करतो? चाबूक उगारत नाही. तो त्यांना शांत करतो, धीर देतो. मग रथ असा धावतो की वाऱ्याने उडालेले राजाचे उपरणे उचलायला थांबावे म्हटले, तर ते योजनभर मागे राहिलेले असते. वाटेत बेहड्याच्या झाडाखाली सौदा होतो. ऋतुपर्ण आपले अक्षहृदय, म्हणजे फाशांचे आणि मोजणीचे रहस्य, देतो. बदल्यात नलाने अश्वहृदय द्यायचे. राजा म्हणतो, ते तूर्त तुझ्याकडेच ठेव म्हणून राहू दे. संध्याकाळी कुंडिनपुरात दमयंती रथाचा घरघराट ऐकते आणि हाकणारा कोण असावा हे तिला कळते. तिच्याही आधी कळते ते नलाच्या जुन्या घोड्यांना. ते तिथल्या पागेत होते, आणि तो आवाज कानांवर पडताच हर्षभरित झाले.

ज्या कवीने हे रचले त्याला दोन गोष्टी स्पष्ट ठाऊक होत्या. जनावराला शिकवणे आणि जनावराकडून शिकणे ही विद्या आहे, ही पहिली. गणिताच्या तोलामोलाने तिची देवघेव होऊ शकते, ही दुसरी. आमचा आक्षेप असा की मराठी साहित्यव्यवहाराने, आणि त्यात आम्ही मास्तर मंडळी पहिल्या रांगेत, ही विद्या विद्या म्हणून कधी मान्यच केली नाही. आम्ही घोड्याचे अलंकार केले आणि बैलाचे गहिवर काढले. माणूस आणि जनावर यांच्यामध्ये महिनोन्‌महिने चालणारी जी शिकवणी असते तिच्याकडे मात्र पाठ फिरवली.

भाषेकडेच पाहा. घोडामैदान, वरातीमागून घोडे, घोडे कुठे पेंड खाते, गंगेत घोडे न्हाणे, खोगीरभरती, घोडे दामटणे, अडले घोडे. आणि ज्या एका कलेत आमच्या वर्गाचा हातखंडा आहे ते कागदी घोडे नाचवणे. वाक्प्रचारांची ही पागा भरलेली आहे, पण त्यातली जनावरे केव्हाच मेली आहेत. खोगीर कशाने भरतात, तोबरा कुठे बांधतात, खरारा का करतात, मोतद्दार कोणाला म्हणत, हे परीक्षेत विचारले तर विद्यार्थी सोडा, परीक्षकही अडतील. ऐतिहासिक कादंबऱ्या म्हणाव्यात तर त्यांत घोडा पानोपानी आहे. तो उमदा असतो, त्याच्या टापांनी धुळीचे लोट उठतात, स्वार त्याला टाच मारतो आणि तो वाऱ्याशी स्पर्धा करतो. त्याला कधी पोटशूळ होत नाही. त्याची पाठ खोगिराने सोलवटत नाही. तो कधी अडत नाही. पाचशे पानांत तो एकदाही पाणी पीत नाही. अशा घोड्याला आमच्या समीक्षेने 'वातावरणनिर्मिती' असे नाव दिले आणि गुण देऊन टाकले.

मराठी गद्याला घोडा ठाऊकच नव्हता, असे मात्र कोणी म्हणू नये. सभासदाने पागेची व्यवस्था सांगताना पंचवीस घोड्यांमागे पखालजी आणि नालबंद यांची नोंद विसरली नाही. शिवकालातले चिपळूणच्या छावणीसंबंधीचे प्रसिद्ध पत्र आपण सगळेच शिकवतो. रयतेची काळजी या मथळ्याखाली शिकवतो. ते एकदा घोड्यांसाठी वाचून पाहावे. पावसाळ्यापुरता साठवलेला दाणा आणि गवत आताच मनमानी करून उधळले तर पुढे घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असे होईल, हा त्यातला युक्तिवाद आहे. आणि ती उंदराची ओळ! जळती वात उंदीर ओढून नेईल, गवताला आग लागेल, पागा जळेल. ज्याने गवताच्या गंजीशेजारी रात्र काढली आहे त्यालाच असला उंदीर सुचतो. रयतेची काळजी त्या पत्रात आहेच, पण ती वैरणीच्या हिशेबातून निघालेली आहे. आम्ही हिशेब गाळून तात्पर्य तेवढे फळ्यावर लिहितो.

आता आजच्या काळाकडे येऊ. २०१८ साली जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत फुआद मिर्झाने इव्हेंटिंगमध्ये वैयक्तिक रौप्यपदक मिळवले. अश्वक्रीडेतले भारताचे ते १९८२ नंतरचे पहिले वैयक्तिक पदक. १९८२ मध्ये दिल्लीत रघुबीर सिंग यांनी याच प्रकारात सुवर्ण मिळवले होते. पुढे टोकियोत, २०२१ साली, हाच फुआद आपल्या सिनोर मेडिकॉट या घोड्यासह अंतिम फेरीपर्यंत पोहोचला आणि तेविसावा आला. त्या दिवसांत आमच्या प्राध्यापक-कक्षात या विषयावर जी चर्चा झाली ती एका वाक्यात संपली. 'श्रीमंतांचे चोचले.' बोलणारे सहकारी पुरोगामी होते, त्यामुळे विषय तिथेच मिटला.

श्रीमंतांचा खेळ तो आहेच. हे नाकारण्याचे कारण नाही. युरोपात ठेवलेला घोडा, प्रशिक्षक, वाहतूक, हे सामान्याच्या आवाक्यातले नव्हे. आमच्या जिल्ह्यात आम्ही घोडे पाहतो ते वरातीचे. पण महाग आहे म्हणून तो खेळ समजूनच घ्यायचा नाही, हा कुठला न्याय? याच हिशेबाने अर्धे संस्कृत नाटक आम्हांला वर्गाबाहेर काढावे लागेल.

इव्हेंटिंग म्हणजे एकच स्वार, एकच घोडा आणि तीन कसोट्या. पहिली ड्रेसाजची. ठरलेल्या चौकटीत घोड्याने ठरलेल्या चाली दाखवायच्या, त्याही जणू स्वत:च्याच मर्जीने; स्वाराने तोंडातून आवाज काढला तरी गुण जातात. दुसरी क्रॉस-कंट्रीची. उघड्या रानात ओंडके, चर, पाणी, उतार असे पक्के अडथळे ओलांडत ठराविक वेळेत धावायचे. तिसरी उड्यांची. तिथल्या दांड्या हलक्या धक्क्यानेही पडतात, आणि एक दांडी पडली की चार दोषगुण. सैन्यातल्या घोड्याची परीक्षा म्हणून हा प्रकार जन्मला आणि १९१२ मध्ये स्टॉकहोमला ऑलिंपिकमध्ये आला. त्याची गंमत अशी की कसोट्या परस्परविरोधी आहेत. रानात बेफाम धावलेल्या जनावराने शेवटच्या कसोटीत पुन्हा नाजूकपणे पाय उचलायचे. आणि ज्याने पहिल्या दिवशी प्रत्येक आज्ञा पाळली, त्यानेच दुसऱ्या दिवशी न पाहिलेल्या पाण्यात उडी घेताना स्वत:ची अक्कल वापरायची. नुसता आज्ञाधारक घोडा येथे मार खातो, नुसता धाडसीही खातो.

आणि घोडा अडला तर? क्रॉस-कंट्रीत पहिल्या नकाराला वीस दोषगुण आहेत. आमचे 'अडले घोडे' तिथे एका निश्चित आकड्याने मोजले जाते. आम्हांला या नियमात एक मोठी गोष्ट दिसते. नाही म्हणण्याचा घोड्याचा हक्क खेळाने गृहीत धरला आहे आणि त्याची किंमत स्वाराकडून वसूल केली आहे. ज्या कादंबऱ्यांत घोडा कधीच नाही म्हणत नाही त्यांच्यापेक्षा हे नियमांचे पुस्तक अधिक वास्तववादी आहे.

या खेळाचा एक जुना डाग मात्र सांगितलाच पाहिजे, कारण तो आपल्या विषयाच्या मुळाशी जातो. 'हौशी' हा शब्द. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ऑलिंपिकमध्येही अश्वक्रीडेत उतरण्याचा हक्क सैन्यातल्या अधिकाऱ्यांना आणि सुखवस्तू हौशी स्वारांना होता. साध्या शिपायाला आणि सार्जंटला नव्हता. कारण काय, तर शिपाई घोड्यांत राबतो ते पोटासाठी, म्हणून तो हौशी नव्हे. १९४८ मध्ये लंडनला स्वीडनच्या संघाने ड्रेसाजचे सांघिक सुवर्ण जिंकले. त्यांच्यातला गेह्नाल पेर्सन हा अधिकारी नव्हता; स्पर्धेपुरती त्याला बढती दिली होती आणि नंतर काढून घेतली. हे उघड झाले आणि १९४९ मध्ये ते पदक परत घेण्यात आले. घोड्याने चूक केली नव्हती, स्वारानेही नाही. चूक खांद्यावरच्या पट्ट्यांची होती. पुढे नियम बदलले, आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला स्वीडनने तेच सुवर्ण पुन्हा जिंकले तेव्हा पेर्सन संघात होता.

आपल्याकडे शिलेदार आणि बारगीर हा भेद होता. घोडा स्वत:चा तो शिलेदार, घोडा सरकारचा तो बारगीर. आम्हांला असे वाटते की ज्ञानाच्या बाबतीत मराठी विद्याव्यवहाराने हाच भेद चालू ठेवला. ज्याच्याकडे हौसेने पाहायला फुरसत आहे त्याचे पाहणे हे 'निरीक्षण' आणि 'ललित'; जो रोज पहाटे उठून जनावराला पाणी दाखवतो त्याचे ज्ञान म्हणजे नुसते 'काम'. नल बाहुकाच्या वेशात होता तोवर त्याचेही ज्ञान कामच होते.

येथून वर्धा जिल्ह्यात परत येणे भाग आहे, कारण आमच्याकडे पागा नसली तरी गोठे आहेत, आणि इव्हेंटिंगला आमच्याकडचा जवळचा नातलग म्हणजे शंकरपट. हे नाते ऐकून काही वाचक हसतील. हसून झाल्यावर पुढे वाचावे.

आर्वी, आष्टी, कारंजा हा भाग गवळाऊ जातीच्या गोवंशाचे माहेर मानला जातो. पांढऱ्या-राखाडी रंगाचे, चपळ, लांबट तोंडाचे हे जनावर. मराठ्यांच्या फौजांत सामान वेगाने ओढून नेण्यासाठी या बैलांचा उपयोग होत असे अशी नोंद आहे. कारंजा तालुक्यात हेटीकुंडीला या जातीच्या पैदाशीसाठी सरकारी प्रक्षेत्र आहे. म्हणजे हाही एका अर्थी सैन्यातूनच आलेला धावरा. पीक निघाले की हिवाळ्यात पट भरतो. हलक्या रेंगीला जोडी जुंपलेली असते, धुरकरी तोल सांभाळून बसलेला असतो, आणि काही सेकंदांत सगळे संपते. नदीपलीकडे अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासरचा पट तर दूरवर ठाऊक आहे. तिथे बायकांनीही जोड्या हाकल्या आहेत. पश्चिम महाराष्ट्रातल्या घाटांच्या शर्यती वेगळ्या, तिथे बैलांच्या पुढे घोडी पळते. त्या तपशिलात आत्ता शिरत नाही.

पटाबद्दल आमच्या साहित्यिक वर्तुळात दोनच मते ऐकू येतात. एक, हा क्रूर आणि अडाणी प्रकार आहे. दुसरे, ही आमची अस्मिता आहे. आमचे दोन्हींशी भांडण आहे.

पहिल्यांशी आधी. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू आणि बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली तेव्हा एक मुद्दा असा होता की बैलाची शरीररचना शर्यतीसाठी नाही. त्याच न्यायालयाने १९९६ मध्ये, घोड्यांच्या शर्यतींवरील पैजा हा जुगार ठरतो का या प्रश्नावर, असे सांगितले होते की घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, कारण जनावराची क्षमता आणि जॉकीचे कसब यांवर निकाल ठरतो. दोन्ही खटल्यांतले प्रश्न वेगळे होते, हे आम्हांला समजते. तरीही दोन्ही निकाल शेजारी ठेवले की एक गोष्ट डोळ्यांत भरते. महालक्ष्मीला धावणाऱ्या जनावराच्या पाठीवर कौशल्य बसलेले असते, आर्वीला धावणाऱ्या जनावरामागे केवळ क्रौर्य. बंदीच्या काळात मुंबई-पुण्याची रेसकोर्से बंद पडली नाहीत, आणि त्याबद्दल आमच्यापैकी कुणी अग्रलेख लिहिल्याचे आम्हांला आठवत नाही.

घोड्यांच्या जगात तरी सगळे आलबेल आहे काय? १ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोच्या क्रॉस-कंट्रीत स्विस संघाचा जेट सेट हा घोडा शेवटाजवळ लंगडू लागला. पायाचा बंध तुटला होता, त्याला कायमचे झोपवावे लागले. फुआद मिर्झा धावला ती हीच फेरी. २०२४ मध्ये शार्लट दुजार्डिन या ब्रिटनच्या नामांकित ड्रेसाजपटूला सरावात घोड्याच्या पायांवर चाबूक मारल्याच्या चित्रफितीमुळे पॅरिस ऑलिंपिकमधून माघार घ्यावी लागली आणि पुढे वर्षाची बंदी आली. तेव्हा क्रौर्य हे गरिबाच्या गोठ्यातच जन्मते, असा समज कोणी करून घेऊ नये.

आता दुसऱ्यांशी, म्हणजे अस्मितावाल्यांशी. २०१७ मध्ये राज्याने कायदा दुरुस्त केला, तो न्यायालयात अडला. १६ डिसेंबर २०२१ रोजी शर्यतींना परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. तेव्हापासून मंडप मोठे झाले, फलक मोठे झाले, बक्षिसांत ट्रॅक्टर आणि चारचाकी आल्या. व्यासपीठावरून संस्कृतीचा उद्धार होतो. पण ज्या नियमांच्या आधारावर परवानगी आहे त्यांत हजार मीटरची मर्यादा आहे, पशुवैद्याची तपासणी आहे, काठी, चाबूक, विजेचा धक्का यांना मनाई आहे. हे नियम ध्वनिक्षेपकावरून वाचून दाखवलेले आम्ही अजून एकाही पटावर ऐकलेले नाही. ज्याच्या हातात खिळ्याची तुतारी आहे त्याने संस्कृतीचे नाव घेऊ नये. इतकेच नव्हे, तो कसबाचेही नाव घेऊ शकत नाही, कारण टोचल्यावर कुठलेही जनावर धावते. त्याला शिकवावे लागत नाही.

इव्हेंटिंगमधली एक रीत आम्हांला पटावर पाहायला आवडेल. पहिल्या कसोटीच्या आधी आणि पुन्हा शेवटच्या उड्यांच्या आधी प्रत्येक घोडा पंच आणि पशुवैद्य यांच्यासमोर कडक जमिनीवर हाताने धरून चालवतात आणि दुडक्या चालीने पळवतात, तेही प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत. पाय आखडत असेल तर घोडा तिथेच बाद, मग स्वार कितीही मोठा असो. आमच्याकडे तपासणी होते ती कागदावर. दाखला जोडला की झाले. पुन्हा कागदी घोडेच. जोड्या लोकांसमोर चालवा, डॉक्टरने लोकांसमोर पाय पाहावेत, आणि नापास जोडी लोकांसमोर परत जावी. हजारो माणसे बसलेली असतात. त्यांच्यातल्या निम्म्यांना लंगडणारा बैल डॉक्टरांच्या आधी दिसेल.

आमच्या जिल्ह्यात सिंदी (रेल्वे) येथे तान्हा पोळा थाटाने भरतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुले लाकडी बैल सजवून आणतात. काही बैल तर माणसाहून उंच. सुंदर सण आहे, आमच्याही घरांतून तो साजरा होतो. पण गोठ्यातले बैल कमी होत गेले आणि लाकडी बैल मोठे होत गेले, हे वर्षानुवर्षे डोळ्यांसमोर घडत असताना मराठीच्या वर्गाने त्याची दखल काय घेतली? आम्ही 'कृषिसंस्कृतीचे चित्रण' या नावाचा प्रश्न पत्रिकेत घातला. सोळा गुणांचा.

यापुढचे सांगताना आमचाच अपराध सांगायचा आहे. २०१३-१४ च्या सुमारास आर्वीकडचा एक विद्यार्थी एम.ए.ला होता. वर्गात मुका. एकदा 'बुजणे' आणि 'बिथरणे' हे आम्ही समानार्थी म्हणून सांगितले, तेव्हा तो उठून उभा राहिला. म्हणाला, नाही सर. बैल बुजतो तो काहीतरी पाहून. छत्री पाहून, पडलेले पोते पाहून. ती वस्तू जवळून दाखवली, हुंगू दिली की बुजणे जाते. बिथरतो तेव्हा बाहेर काही नसते, त्याच्या मनाचा ठाव सुटलेला असतो. तेव्हा जुंपायचेच नाही. उधळतो तो पुढे, अडतो तो जागीच. चारींचे औषध वेगवेगळे. आम्ही थक्क झालो, आणि, मास्तर असल्यामुळे, लगेच पुढच्या मुद्द्याकडे वळलो.

नंतर कळले की घरी पटाची जोडी आहे, आणि धुरकरी तोच. त्याच्याकडे एक वही होती. आदत, दुसा, चौसा अशी दातांवरून वये; जू, जोते, शिवळ, वेसण, कासरा; सरकी कधी, ढेप किती, कुटार कुणाला चालत नाही; गोऱ्ह्याच्या खांद्याला जुवाची सवय लावताना पहिले किती दिवस नुसते रिकामे जू ठेवायचे; आणि आवाज. आवाजाची त्याने चार पाने लिहिली होती. कुठल्या हाकेला डावा उचलतो, कुठल्या हाकेला दोघेही कान मागे टाकतात. ड्रेसाजच्या स्वाराला तोंड उघडता येत नाही, आणि याचे सगळे शिक्षण आवाजातून झालेले. दमयंतीला नुसत्या आवाजावरून सारथी कसा कळला असेल, हा प्रश्न आम्हांला कधी पडला नव्हता. या वहीने पाडला.

त्याने लघुप्रबंधाला हाच विषय दिला. एका समितीने तो 'साहित्यबाह्य' असा शेरा मारून परत केला. त्या कागदावर आमच्यापैकी एकाची सही आहे. आम्ही त्याला ग्रामीण कादंबरीतील निसर्गचित्रण हा विषय सुचवला, त्याने तो निमूटपणे पुरा केला आणि त्याला बरे गुण पडले. प्रबंधात एकही चूक नव्हती, आणि त्याला ठाऊक असलेली एकही गोष्ट नव्हती. बंदीच्या काळात, दोन वर्षे बांधून खायला घालून, त्याने जोडी विकली. वही जाताना आमच्याकडे ठेवून गेला.

शब्दकोश करणाऱ्यांनी, बोलींचा अभ्यास करणाऱ्यांनी, अनुदानित प्रकल्प चालवणाऱ्यांनी आता तरी गोठ्यात यावे, असे आम्ही म्हणणार होतो. पण दुसऱ्यांना आवाहन करण्याचा हक्क आम्हांला नाही. आम्ही एवढे ठरवले आहे की येत्या सत्रापासून नलाची कथा हंसाऐवजी बाहुकापासून शिकवायची, आणि त्या तासाला ही वही टेबलावर ठेवायची. ऋतुपर्णाने अश्वहृदय नलाकडे ठेव म्हणून ठेवले होते, आणि पुढे ते नलाने त्याला दिले. आमच्याकडची ठेव कपाटात दहा वर्षे धूळ खात राहिली.

मागच्या महिन्यात त्या विद्यार्थ्याला फोन केला. त्याच्याकडे पुन्हा एक गोऱ्हा आहे, दुसा. या वर्षी पटाला वर्ग घेऊन यावे म्हणतो, असे आम्ही सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आना ना सर पोट्टे. पन पटाच्या दिवशी नोका आनू. त्या दिवशी काई दिसत नाई, धूळ दिसते फक्त. दिवाई झाली का या, पहाटं. तवा शिकवनी असते."